काटा नेमका कधी चढतो?

मे महिन्यातली दुपार. तळेऱ्याहून वैभववाडी मागे टाकली आणि करूळ घाट लागला. तिसरं-चौथं वळण गेलं तसा तापमानाचा काटा जागा सोडू लागला. आधी पेरभर, मग अर्ध्याच्या वर, आणि अर्धा घाट चढेपर्यंत लाल पट्टीला टेकला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, पुढच्या रुंद वळणावर गाडी कडेला लावली. बॉनेट उघडलं तर कूलंटचा तो गोडसर, घशाला लागणारा वास आणि बाटलीत खदखदणारं पाणी. मागे आई बसली होती. ती काही बोलली नाही, पदरानं वारा घेत दरीकडे बघत राहिली. वर्षभरातली ही चौथी वेळ होती.

गाडी २००१ सालची. पेट्रोल, चार सिलेंडर, इंजिन अजून गोड चालणारं. या एका दुखण्यापायी वर्षभरात थर्मोस्टॅट काढून झाला, वॉटर बॉडी नवी बसली, रेडिएटरची ‘सर्व्हिस’ झाली, फॅन डायरेक्ट, म्हणजे सतत चालू, करून झाला, कूलंट दोनदा बदलला. दर वेळी गॅरेजवाल्यानं कोल्हापुरातल्या रंकाळ्याला एक फेरी मारून आणली, काटा हलला नाही, ‘झालं काम’ म्हणून किल्ली हातात दिली. आणि दर वेळी घाटात तीच गत. त्या माणसांनी फसवलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. चूक साधी होती. गाडी घाटात तापत होती आणि तिची परीक्षा रंकाळ्याच्या सपाट रस्त्यावर होत होती.

जुनी गाडी तापण्याचा प्रश्न एकेक पार्ट बदलत का सुटत नाही, हे कळायला आधी उष्णतेचा हिशोब मांडावा लागतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण ३३ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. ढोबळमानानं तिचा तिसरा हिस्सा चाकांपर्यंत जायला निघतो, तिसरा सायलेन्सरमधून धुरासोबत जातो, आणि उरलेला इंजिनच्या धातूत शिरतो. हा शेवटचा हिस्सा पाण्यानं उचलून बाहेर टाकायचा असतो. घाटात लहान गाडी तासाला सहा लिटरच्या हिशोबानं पेट्रोल पीत असेल, तर पाण्यावर येणारा बोजा होतो सुमारे १८ किलोवॉट. घरातला न्हाणीघराचा गीझर २ किलोवॉटचा असतो. म्हणजे असे नऊ गीझर एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांची सगळी उष्णता बॉनेटखालच्या पाच-सहा लिटर पाण्याला सतत वाहून न्यायची आहे. शहरात सिग्नलला उभ्या गाडीत यातला जेमतेम एखाद-दुसरा गीझर चालू असतो. रंकाळ्याची फेरी काही सांगत नाही ती यामुळे.

पाण्याचा रस्ता तसा सोपा आहे. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, पाणी ब्लॉकमध्ये ढकलते. ते सिलेंडरच्या भोवतीच्या पोकळ्यांतून हेडमध्ये चढतं, तिथून जाड पाईपनं रेडिएटरच्या वरच्या अंगाला येतं, बारीक नळ्यांतून पलीकडे जाताना गार होतं आणि खालच्या पाईपनं पुन्हा पंपाकडे जातं. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत ही फेरी नव्हती. पाणी तिथे सरळ उकळून उडून जायचं आणि वरून ओतत राहावं लागायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली, जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो, तेव्हा वाटेत जिथे मिळेल तिथे थांबून तिला पाणी भरावं लागलं. पुढे विल्हेल्म मायबाखनं १९०१ च्या मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. सहा मिलिमीटर चौकोनी अशा ८,०७० नळ्या त्यात होत्या. पाण्याला वाऱ्याशी भिडायला जागा मिळाली आणि ९ लिटर पाण्यात काम भागलं. आपला आजचा रेडिएटर त्याच वंशातला आहे.

या फेरीवर एक पहारेकरी आहे आणि तो सगळ्यात स्वस्त असल्यानं सगळ्यात दुर्लक्षित आहे. रेडिएटरची कॅप. ती नुसतं झाकण असती तर तिच्यात स्प्रिंग कशाला घातली असती? गाडी गरम झाली की पाणी फुगतं, कॅप त्याला दाबून धरते. साधारण ०.९ किंवा १.१ बार असा आकडा कॅपवरच छापलेला असतो. समुद्रसपाटीला उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं, वर एक बार दाब असला की १२० च्या आसपास. त्यात निम्मा ग्लायकोल, म्हणजे कूलंटमधला मुख्य घटक, असला तर आणखी वर. कॅपचं रबर कडक झालं, स्प्रिंग सैल पडली, की हे वीस अंश एका क्षणात हातचे जातात. मग बाकी सगळं धडधाकट असूनही गाडी पाणी बाहेर फेकते. वर घाट चढत जाल तसा हवेचा दाब कमी होतो आणि उकळबिंदू आणखी खाली येतो. महाबळेश्वरात उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आतच उकळतं. जुनी गाडी तापू लागली की माझ्या मते पहिला खर्च नव्या, त्याच आकड्याच्या कॅपवर करावा. आकडा वेगळा असलेली, ‘बसली ना, मग झालं’ अशी कॅप घेऊ नये.

आणि हीच कॅप गरम गाडीवर कधीही उघडू नये. हे सगळे सांगतात, पण का ते कोणी सांगत नाही. आतलं पाणी १२० अंशांवर द्रव आहे ते केवळ दाबामुळे. कॅप फिरवली की दाब जातो आणि ते पाणी १०० वर यायला धडपडतं. जास्तीची उष्णता वाफ बनून निघते. हिशोब केला तर दर लिटर पाण्यामागे सुमारे ६० लिटर वाफ होते, आणि ती उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन तुमच्या चेहऱ्याच्या दिशेनं येते. ओलं फडकं टाकून उघडलं तरी फरक पडत नाही. अर्धा-पाऊण तास थांबायचं, वरचा पाईप हातानं दाबून बघायचा. तो मऊ पडला, हात टिकला, तरच कॅपला हात लावायचा.

चौथ्या वेळेनंतर मी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री, इंजिनचं काम. तिथे लोखंडाला बोलतं करणारी माणसं आहेत. मी बिलांची थप्पी काढली आणि काय काय बदललं ते सांगू लागलो. त्यांनी हात वर केला.

“गाडी गरम होती हे कळलं साहेब. कवा होती ते सांगा.”

मग पाऊण तास पाना न उचलता प्रश्नच. सिग्नलला उभी असताना तापते का? नाही. हायवेला सपाटीवर? नाही. चढावर? हो. किती वेळानं? दहा-बारा मिनिटांनी. पाणी कमी होतं का? उकळून सांडतं तेवढंच. सकाळी थंड गाडीचा वरचा पाईप कडक असतो का? नाही. थंडीत सकाळी काटा वर यायला किती वेळ लागतो? पंधरा-वीस मिनिटं. मला ते गाडी गार राहण्याचं चांगलं लक्षण वाटत होतं. ते ऐकून मिस्त्रींनी पहिल्यांदा मान हलवली.

या प्रश्नांमागे एक पक्कं तर्कशास्त्र आहे आणि ते कोणालाही शिकता येतं.

गाडी उभी असताना तापते आणि चालू लागली की काटा खाली येतो, तर दोष हवेच्या बाजूला. चालत्या गाडीत समोरचा वारा पुरतो, उभ्या गाडीत सगळी भिस्त फॅनवर. फॅन फिरतो की नाही एवढं पाहून भागत नाही, कुठल्या दिशेनं फिरतो तेही पाहावं लागतं. वायरिंग जोडताना दोन वायरी उलट झाल्या तर इलेक्ट्रिक फॅन आनंदानं उलटा फिरतो. रेडिएटरच्या मागे बसवलेला फॅन वारा आत ओढायचा सोडून समोर ढकलू लागतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: फॅन चालू असताना पुढच्या जाळीसमोर कागद धरायचा. कागद जाळीला चिकटला तर ठीक, उडाला तर फॅन उलटा. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कवच तुटून पडलं असेल आणि कोणी परत बसवलं नसेल, तर फॅन आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर जागेत धूळ, वाळलेली पानं, किडे यांचा नमदा तयार होतो. तो वरून दिसत नाही, बाहेरून पाण्याचा फवारा मारून निघतही नाही. त्यासाठी दोन्ही एकमेकांपासून सुटे करावे लागतात.

उलट, गर्दीत ठीक आणि चढावर किंवा जोरात पळताना तापते, तर दोष पाण्याच्या बाजूला. पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर पुरेसा मोकळा नाही. कमी बोजा तो कसाबसा पेलतो, नऊ गीझर लागले की हार मानतो. यातलं एक कारण मला फार विलक्षण वाटतं. खालचा रबरी पाईप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. जुन्या गाडीत तो मऊ पडतो आणि इंजिन जोरात फिरलं की आत ओढला जाऊन पोटाशी चपटा होतो. गाडी हळू झाली की पुन्हा गोल. गॅरेजात उभी करून पाहिलं तर पाईप ठणठणीत! म्हणून कित्येक गाड्यांत त्या पाईपच्या आत स्प्रिंग असते, आणि पाईप बदलताना ती जुन्यासोबत भंगारात जाते.

तिसरा प्रकार, कुठेही, कसाही, सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत तापणारी गाडी. त्याकडे पुढे येतो. आणि चौथा म्हणजे गाडी तापतच नाही, काटाच खोटं बोलतो. सेन्सरची अर्थिंग गंजली की हेडलाइट लावल्यावर काटा हलतो, बंद केल्यावर परत येतो. याचं उलटं रूप मात्र धोक्याचं. काटा लालला टेकला आणि मग अचानक गारवर पडला, तर सुटकेचा नि:श्वास सोडू नये. बहुधा पाणी इतकं खाली गेलेलं असतं की सेन्सर पाण्याबाहेर पडून नुसती हवा मोजतोय. तिथल्या तिथे इंजिन बंद करावं.

प्रश्न संपल्यावर मिस्त्री स्वतः गाडीत बसले आणि म्हणाले, “पन्हाळ्याला जाऊया.” चढ सुरू झाला तसा त्यांनी एसी लावायला सांगितला, दुसऱ्या गिअरमध्ये ताणून चालवायला सांगितलं. काटा अर्ध्याच्या वर गेला तशी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि खिशातून तापमान मोजायची बंदूक काढली. लाल ठिपका त्यांनी धातूवर न धरता रबरी पाईपवर धरला. चकचकीत धातूवर ही बंदूक फसते, काळ्या रबरावर खरं सांगते. वरचा पाईप १०४ अंश, खालचा ७१.

हे दोन आकडे म्हणजे सगळी कथा. निरोगी गाडीत चढावर या दोन पाईपांत साधारण सहा ते दहा अंशांचा फरक असतो. १८ किलोवॉट उष्णता आणि मिनिटाला चाळीस लिटर पाणी घेतलं तर गणितही तेच सांगतं. फरक फार कमी आणि दोन्ही पाईप तापलेले, तर पाणी फिरतंय पण वारा त्याची उष्णता घेत नाही. इथे फरक होता तेहतीस. म्हणजे रेडिएटरमध्ये जे पाणी जात होतं ते छान गार होत होतं. फक्त जातच थोडं होतं. बाकीचं कुठे जात होतं?

त्याचं उत्तर माझ्या पहिल्याच बिलात होतं. थर्मोस्टॅट काढला होता.

थर्मोस्टॅट म्हणजे पितळी डबीत भरलेलं मेण. साधारण ८२ किंवा ८८ अंशांना मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. तोवर पाणी इंजिनमध्येच एका आखूड रस्त्यानं, बायपासनं, फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. आपल्याकडे समज असा की हे सगळं बर्फाळ मुलखासाठी, इथे त्याचं काय काम? तापणाऱ्या गाडीतून तो काढून टाकणं ही कित्येक गॅरेजांतली पहिली दुरुस्ती. पण पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. वरची चकती रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी खालची चकती बायपासचं तोंड बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. पाणी आळशी असतं, जवळची वाट धरतं. मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता गरमच्या गरम पुन्हा इंजिनमध्ये शिरतो. थंडीत गाडी गरम व्हायला वीस मिनिटं आणि उन्हाळ्यात घाटात उकळी, ही दोन्ही लक्षणं एकाच रिकाम्या डबीची. अशा गाडीत थर्मोस्टॅट काढणं हाच आजार असतो.

यावर गॅरेजांतून एक स्पष्टीकरण नेहमी ऐकू येतं: थर्मोस्टॅट नसला की पाणी फार जोरात फिरतं, त्याला रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळ मिळत नाही. ऐकायला पटतं, पण ते चूक आहे. पाणी जोरात फिरलं तर एका फेरीत कमी गार होईल, पण फेऱ्या वाढतील, आणि एकूण उष्णता जास्तच बाहेर पडेल. घराघरात चहा बशीत ओतून, फुंकर मारून गार करतात. तिथेही वारा जितका जोरात तितका चहा लवकर निवतो.

नवा थर्मोस्टॅट आणला. बसवण्याआधी मिस्त्रींनी तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि खाली स्टोव्ह पेटवला. नवा असला तरी तपासून घ्यायचा ही त्यांची शिस्त. पाण्यातल्या तापमापीवर ८३ झाले तशी झडप केसभर हलली, ९० च्या पुढे अंगठ्याच्या नखाएवढी उघडली. मला तो क्षण फार आवडला. गाडीच्या आत अंधारात रोज घडणारी गोष्ट स्वच्छ पाण्यात डोळ्यांसमोर घडत होती. पुन्हा पन्हाळा. आता ९८ आणि ७४. सुधारणा होती, पण तेहतीसचे चोवीस झाले, दहा झाले नाहीत. अजून काहीतरी अडकलेलं होतं.

मिस्त्रींनी रेडिएटरवर बंदूक फिरवली. वरचा पट्टा गरम, मधला गरम, आणि खालचा जवळजवळ तिसरा भाग गार. तिथल्या नळ्यांत पाणी जातच नव्हतं. रेडिएटर उतरवला, एका बाजूची टाकी उघडली आणि आत बॅटरी मारली. खालच्या नळ्यांच्या तोंडाशी पिवळट तपकिरी, चिखलासारखा थर घट्ट बसला होता. त्यांनी खिळ्याच्या टोकानं थोडा उकरून बोटावर घेतला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

“हळद कुणी टाकली?”

तीन वर्षांपूर्वी टाकली होती. कणकवलीच्या अलीकडे रेडिएटरला बारीक गळती लागली होती, रात्र होती, एका ढाब्यावरच्या माणसानं मूठभर हळद आणून दिली. आपल्याकडचा हा जुना, खात्रीचा उपाय. बारीक पूड पाण्यासोबत फिरते, भोकाशी जाऊन अडकते आणि भोक बुजवते. त्या रात्री तिनं आम्हाला घरी पोचवलं आणि त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. पण हळदीला गळतीचं भोक आणि रेडिएटरची नळी यांतला फरक कळत नाही. नळीची आतली वाट एक-दोन मिलिमीटरची. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळं पाणी काढून रेडिएटर धुऊन घ्यायला हवा होता. तो मी धुतला नाही, गळती थांबली म्हणून विसरून गेलो. बाटलीत मिळणारी गळती बंद करणारी रसायनंही हेच करतात. आणि ‘सर्व्हिस’ झाली होती ती फक्त बाहेरून. टाकी उघडून नळ्यांत सळी घातली गेलीच नव्हती.

हळदीच्या खाली दुसरा थर होता, पांढरा आणि खडबडीत. तो बोअरच्या पाण्याचा. गाडीत वाटेल तिथलं पाणी ओतायची आपली सवय जुनी आहे. आपल्या बहुतेक बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. चहाच्या पातेल्याला, गीझरच्या कॉइलला बसतात तेच क्षार इंजिनच्या पोकळीत आणि नळ्यांत बसतात. हा थर उष्णता वाहून नेण्यात धातूच्या पासंगालाही पुरत नाही. इंजिनमध्ये सगळ्यात मागच्या सिलेंडरपाशी पाणी संथ होतं, गाळ आणि गंज तिथेच साठतो. म्हणून जुन्या गाडीत मागचा सिलेंडर एकटाच तापतो आणि समोरचा काटा निवांत असतो, असंही होतं. पाणी घालायचंच तर बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड, आणि त्यात कंपनीनं सांगितलेल्या जातीचा कूलंट. हिरवा, लाल, निळा असे रंग पाहून एकात एक ओतू नयेत. रंगाला काही ठरलेला नियम नाही, आणि न जमणारी दोन रसायनं एकत्र आली की आत शेवाळासारखा गोळा होऊ शकतो. नुसतं पाणी उष्णता वाहून न्यायला ग्लायकोलपेक्षा सरस असतं हे खरं, पण गंज रोखणारी द्रव्यं कूलंटमध्येच असतात. अॅल्युमिनियमचं हेड असलेल्या इंजिनला नुसत्या पाण्यावर ठेवणं म्हणजे त्याला हळूहळू खायला देणं.

आमचा रेडिएटर सळी घालून मोकळा होण्यापलीकडे गेला होता. नवा कोअर घातला. पण त्याआधी मिस्त्रींनी मला घाबरवणारी एक गोष्ट सांगितली: चार वेळा उकळलेल्या इंजिनवर हेड गॅस्केट तपासल्याशिवाय ते नवा खर्च करू देणार नाहीत.

हाच तो तिसरा प्रकार. हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बहुधा बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. नेहमीच्या तापमानात मधलं गॅस्केट ही ओढाताण सोसतं, उकळत्या इंजिनात हेड वाकतं. किती वाकलं तर बाद? पुष्कळ इंजिनांत मर्यादा असते ०.०५ मिलिमीटर, म्हणजे साधारण एका केसाची जाडी. तेवढ्या फटीतून सिलेंडरमधला जळता वायू पाण्यात शिरतो, दाब वाढवतो, पाणी बाटलीतून बाहेर ढकलतो, तिथे वाफेचे खिसे तयार होतात आणि गाडी आणखी तापते. आधी तापली म्हणून गॅस्केट गेलं, मग गॅस्केट गेलं म्हणून तापते. या टप्प्यावर मूळ कारण दुरुस्त केलं तरी गाडी बरी होत नाही, आणि नुसतं गॅस्केट बदललं तर मूळ कारण ते पुन्हा जाळतं. वारंवार दुरुस्ती करूनही तापणाऱ्या गाड्यांमधला बराच मोठा हिस्सा याच चक्रात अडकलेला असतो, असं मिस्त्री म्हणाले आणि मला ते पटलं.

तपासणी मात्र सोपी आणि स्वस्त. सकाळी थंड गाडी, रेडिएटर काठोकाठ भरलेला, कॅप काढलेली. इंजिन सुरू करून तोंडाशी बघत राहायचं. सुरुवातीला चार बुडबुडे येतात ते अडकलेल्या हवेचे. पण एकसारखे, इंजिनच्या ठेक्यात, थांबता न थांबणारे आले तर शंका पक्की. खात्रीसाठी एक काचेची नळी मिळते, तिच्यात निळं द्रावण असतं. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची. हवेत जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं पिवळं होतं. आम्ही दहा मिनिटं पाहत राहिलो. मी पाहत राहिलो असं म्हणतो, पण खरं तर श्वास रोखून उभा होतो. निळं निळंच राहिलं.

हे नशीब होतं. दर वेळी लालला टेकताच गाडी थांबवली होती, ‘वर गगनबावड्यापर्यंत नेऊ, मग बघू’ असं केलं नव्हतं, तेवढंच पुण्य. ज्यांचं द्रावण पिवळं होतं त्यांनी हेड उतरवल्यावर त्याचं फेसिंग करून घ्यावंच, आणि बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं, मोजून आवळले जातात की नाही हे समोर उभं राहून पाहावं. अंदाजपंचे आवळलेल्या हेडचं गॅस्केट वर्षभर टिकत नाही.

आणखी दोन-तीन वाटा आहेत, त्या पाण्याशी संबंध नसल्यानं सुटतात. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोल उशिरापर्यंत जळत राहतं आणि जास्तीची उष्णता भिंतींत जाते. पिकअप मेलेला आणि गाडी तापते, अशी जोडी दिसली की टायमिंग बघावं. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बुजला तरी हेच. आणि ब्रेक चिकटले असतील तर इंजिन दिवसभर सपाट रस्त्यावर घाट चढत असतं. चार चाकांजवळ हात नेला की कळतं, एकाची झळ वेगळी लागते.

दुरुस्तीनंतर पाणी भरताना हवा काढण्याचं काम मिस्त्रींनी घाई न करता केलं. गाडीचं तोंड चढावर, हीटर पूर्ण गरमवर, कॅप उघडी, इंजिन मंद, आणि मधूनमधून वरचा पाईप हातानं दाबायचा. प्रत्येक दाबासरशी तोंडाशी एक मोठा बुडबुडा फुटायचा आणि पाण्याची पातळी बोटभर खाली जायची. हेडमध्ये हवेचा खिसा राहिला की नवीकोरी दुरुस्तीही पहिल्याच चढावर वाया जाते. फॅनही पुन्हा स्विचवर घेतला. सतत चालणारा फॅन गाडी बिघडवत नाही, पण दोष झाकून ठेवतो.

हीटरवरून आठवलं. वाटेत काटा चढू लागला आणि थांबायला जागा नसेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावायचा, पंखा सगळ्यात जोरात. मे महिन्यात हे नको वाटतं, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. तो दोन-तीन गीझरचा बोजा उचलतो. काटा तरीही लालला टेकला तर मात्र कडेला घ्यायची. पाणी उकळत नसेल आणि फॅन फिरत असेल तर मिनिटभर इंजिन मंद चालू राहू द्यावं, म्हणजे पाणी फिरत राहतं. वाफ येत असेल तर लगेच बंद. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून आधी पाऊण तास सावलीत थांबावं.

पुढच्या मे महिन्यात आईला घेऊन पुन्हा त्याच रस्त्यानं वर आलो. एसी चालू होता. करूळ घाटाच्या प्रत्येक वळणावर माझी नजर काट्यावर, आणि काटा अर्ध्याच्या किंचित खाली, रंकाळ्याला फेरी मारताना असतो तसा. गगनबावड्याला चहासाठी थांबलो तेव्हा इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. मिस्त्रींकडे पाहून मीही एक बंदूक घेतली होती. वरचा पाईप ९०, खालचा ८२. आईनं विचारलं, “काय बघतोयस?” मी आकडे सांगितले. ती म्हणाली, “मग चहा घे की.”